नाव कुणाचं, माल कुणाचा

आमच्या मिरजेत सतार घ्यायला येणारा माणूस दुकानाचं नाव विचारत येतो. सतारीवर नाव असतं तेही दुकानाचंच. पण एक सतार एका हातानं कधी होत नाही. पंढरपूरकडून आलेला भोपळा एक जण कापून घडवतो, लाकडाची दांडी दुसरा तासतो, नक्षी तिसऱ्याची, पडदे बांधणारा चौथा. सगळ्यांत शेवटी वाद्य जवारी काढणाऱ्यापुढे येतं. घोडीचा माथा तो कानसीनं इतका हलक्या हातानं घासतो, की बघणाऱ्याला काही झालंय असं वाटतही नाही. आणि तार छेडली की लाकडाचं वाद्य होऊन जातं.

माझे एक मामू आयुष्यभर हेच जवारीचं काम करत राहिले. त्यांनी बोलत्या केलेल्या सतारी कुठंकुठं गेल्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. एकाही सतारीवर त्यांचं नाव नाही. याबद्दल त्यांनी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. कारण गल्लीतल्या जाणकाराला तार ऐकूनच कळायचं, की हा हात कुणाचा. आपल्या उस्तादांचं नाव निघालं की मामू बोलायचं थांबून कानाच्या पाळीला हात लावायचे आणि मगच पुढचं वाक्य पुरं करायचे. कोणाकडून काय घेतलं याचा हिशेब असा बोटांच्या टोकावर असायचा. कागद कुणी केला नाही आणि कुणाला लागलाही नाही.

मी मात्र कागदाच्या जगात गेलो. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून पिंपरी-चिंचवडच्या बाजूला एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. कंपनीचं नाव इथे देत नाही, देण्याची गरजही नाही. कारण जे घडलं ते कुठल्याही कंपनीत घडू शकतं आणि बहुतेक ठिकाणी घडतही असावं. फरक एवढाच, की तिथं जवारी कुणी काढली हे तार ऐकून ओळखणारं कुणी नसतं. तिथं जे कागदावर असतं तेच झालेलं असतं.

आमची कंपनी हवेचे कॉम्प्रेसर बनवायची. २००७ साली एका नव्या मॉडेलनं सगळ्यांची झोप उडवली होती. मशीन चालू केलं की व्हॉल्व्ह खडखडायचा. गिऱ्हाईक माल परत पाठवू लागलं. कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हमध्ये पोलादाची पातळ पट्टी असते. ती आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, सपाट टेकते. हवा दाबली की उघडते, दाब उतरला की मिटते. सीट जितकी गुळगुळीत आणि सपाट तितकी गळती कमी, म्हणून आम्ही ती आणखी घासत गेलो, लॅपिंग आणखी बारीक करत गेलो. आवाज मात्र वाढतच गेला.

टूलरूममध्ये एक वयस्क फिटर होते. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. शिक्षण सातवी. कंपनीच्या हजेरीपटावर ते नव्हते. ठेकेदाराकडून आलेले आणि अकरा वर्षं ठेकेदाराकडूनच येत राहिलेले. एके दिवशी तपासणीच्या टेबलाशी इंजिनिअर मंडळी बोलत असताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘भाई, ओल्या फरशीवर ताट पालथं पडलं तर ते सरळ वर उचलून बघा. निघत नाही. आणि निघालं तर ठाप्‌ करून निघतं. एका कडेनं उचललं की गुमान सुटतं. ही पट्टी तेलानं तशीच चिकटतीय. तिला एका कडेनं सुटू द्या की.’’

त्या संध्याकाळी त्यांनी एका सीटची एक बाजू हातानं घासून किंचित उतरती केली. दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्रेसर चालला तेव्हा आमच्यातल्या एकानं तो चालू आहे ना, म्हणून हात लावून पाहिला.

पुढचं काम आमच्या विभागातल्या एका तरुण इंजिनिअरनं केलं, आणि तेही लहान काम नव्हतं. उतार जास्त झाला तर हवा गळते, कमी झाला तर पट्टी पुन्हा चिकटते. किती मायक्रॉनचा उतार, पट्टीच्या जाडीशी त्याचं प्रमाण काय, टेकण्याची कड किती रुंद ठेवायची, हे त्यानं चार महिने चाचण्या घेऊन बसवलं. मी ड्रॉइंग काढली. विभागप्रमुखांनी खर्चाला मंजुरी मिळवली आणि बैठका घेतल्या. मग वरून निरोप आला, की याचं पेटंट घ्यायचं आहे.

पेटंटच्या अर्जासोबत पाच नंबरचा एक फॉर्म असतो. शोध कुणी लावला याची घोषणा त्यात करायची असते. आमच्या फॉर्मचा कच्चा मसुदा माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यात चार नावं होती. विभागप्रमुख, उत्पादन मॅनेजर, तो इंजिनिअर आणि मी. तात्यांचं नाव नव्हतं.

इथे थोडं थांबून कायदा काय म्हणतो ते सांगायला हवं, कारण त्या आठवड्यात मी तो पहिल्यांदा नीट वाचला. आपला पेटंट कायदा १९७० सालचा. पेटंटसाठी अर्ज कोण करू शकतो, तर ‘खरा आणि पहिला शोधकर्ता’, किंवा त्यानं ज्याला आपला हक्क लिहून दिला तो, किंवा मयताचा कायदेशीर वारस. म्हणजे हक्काचा झरा माणसापाशी सुरू होतो. कंपनीला शोध लागत नाही, माणसाला लागतो. कंपनीकडे तो येतो तो त्या माणसाच्या लेखी हस्तांतरातून. तोंडी कबुलीला इथे किंमत नाही.

आणि शोधकर्ता कोण? पैसे घालणारा नव्हे. १९६०च्या निकालसंग्रहात म्हैसूर उच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. अपील करणारे होते मोहम्मद इब्राहिम नावाचे गृहस्थ. केवळ भांडवल पुरवणारा भागीदार शोधकर्ता ठरत नाही आणि कंपनी-महामंडळासारखी संस्थाही स्वतःला शोधकर्ता म्हणवू शकत नाही, हे सांगण्यासाठी तो निकाल आजही पुढे केला जातो. ज्यानं सांगितल्याबरहुकूम काम केलं तोही शोधकर्ता नव्हे. साहेब म्हणून ज्याची सही लागते तो नव्हे. ज्याच्या डोक्यात त्या शोधाचा गाभा, किंवा गाभ्याचा एखादा महत्त्वाचा भाग, प्रथम आकाराला आला तो शोधकर्ता. एकापेक्षा जास्त जण असतील तर सगळे मिळून. प्रत्येकाचा वाटा सारखाच असला पाहिजे असंही नाही.

ही कसोटी लावली तर आमच्या चार नावांतलं एकच टिकत होतं, त्या इंजिनिअरचं. आणि जे नाव सगळ्यांत आधी यायला हवं होतं ते कागदावरच नव्हतं.

माझं नाव मी स्वतःच खोडलं. यात फार मोठा त्याग वगैरे काही नव्हता. मी काढलेली ड्रॉइंग दुसऱ्यांच्या विचारांची होती. ड्रॉइंग ही वेगळी चीज आहे. तिला १९५७चा कॉपीराइट कायदा लागतो आणि तो कायदा साफ सांगतो, की नोकरीत असताना नोकरीचं काम म्हणून जे केलं त्याची पहिली मालकी मालकाची, वेगळा करार नसेल तर. कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क तेवढा करणाऱ्याकडे राहतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात माझी सही होती, तेवढं मला पुरेसं होतं. घरी मात्र हे सांगितल्यावर बायको म्हणाली, ‘‘तुमारा नाम रहता तो क्या बिगडता? कागज पेच तो था.’’ तिचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. दोन दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलली.

तात्यांचं नाव का नाही, हे मी विभागप्रमुखांना विचारलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘‘तो माणूस आपला नाही, ठेकेदाराचा आहे.’’ मला वाटलं होतं, की सातवी शिकलेल्या माणसाचं नाव इंजिनिअरांच्या पंगतीत बसवायला त्यांना संकोच वाटत असेल. तोही थोडा असेलच. पण खरं कारण निराळं होतं आणि ते समजायला मला वेळ लागला.

कंपनीच्या कायम नोकरांनी रुजू होताना एका कागदावर सही केलेली असते, की नोकरीत मी जे शोधीन ते कंपनीचं. आपल्या पेटंट कायद्यात नोकराच्या शोधाबद्दल वेगळं कलमच नाही. सगळी भिस्त या सहीवर. तात्यांनी अशी सही कधी केली नव्हती. त्यांचा करार ठेकेदाराशी, तोही तोंडी, आणि त्यात रोजाच्या पलीकडे काही नव्हतं. म्हणजे त्यांचं नाव फॉर्मवर आलं, की त्यांचा हक्क कंपनीकडे आणण्यासाठी त्यांची सही लागणार. सही न घेता पेटंट दोघांच्या नावावर झालं, तर कलम ५० प्रमाणे ते बरोबरीचे सहमालक. त्यांच्या संमतीवाचून कंपनीला दुसऱ्या कुणाला परवाना देता येणार नाही, आणि तात्यांना मात्र कंपनीला हिशेब न देता तो व्हॉल्व्ह स्वतःसाठी बनवता येणार. नाव आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं कायदा म्हणतो, आणि ते खरंही आहे. कलम २८ प्रमाणे पेटंटवर शोधकर्ता म्हणून नाव घातल्यानं कुणाला मालकी मिळत नाही किंवा कुणाची जातही नाही. पण व्यवहारात नावाच्या मागोमाग मालकीचा प्रश्न चालत येतो. म्हणून प्रश्न नको असेल तर नावच घालायचं नाही, हा सोपा मार्ग.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. नंतरच्या काळात मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत गेलो, तेव्हा दिसलं, की मोठमोठ्या ठिकाणी हाच गुंता आहे. १९२१-२२मध्ये टोरंटोत इन्सुलिन सापडलं. प्रयोगशाळा मॅक्लिऑड यांची, कल्पना घेऊन आलेले डॉक्टर बँटिंग, हाताखाली बेस्ट नावाचा तरुण, आणि अर्क शुद्ध करून माणसाला टोचण्याजोगा करणारे कॉलिप. १९२३चं नोबेल मिळालं बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना. पेटंटवर नावं लागली बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांची. एकाच कामाच्या दोन याद्या, आणि दोन्हींत असलेलं नाव एकच. बँटिंगनी बक्षिसाची निम्मी रक्कम बेस्टला दिली, मॅक्लिऑडनी कॉलिपला. पेटंट तिघांनी एकेक डॉलर घेऊन विद्यापीठाला देऊन टाकलं. माणसं मनानं मोठी होती, तरी कुणाचं किती यावरून त्यांच्यात आयुष्यभर कटुता राहिली.

जपानच्या शुजी नाकामुरा यांची कथा तर अनेकांना ठाऊक असेल. निळा प्रकाश देणाऱ्या दिव्याच्या कामासाठी त्यांना त्यांच्या निचिया कंपनीकडून वीस हजार येन बक्षीस मिळालं होतं. ते कोर्टात गेले. २००४मध्ये टोकियोच्या न्यायालयानं त्यांना २० अब्ज येन द्यावेत असं सांगितलं. वरच्या कोर्टात २००५मध्ये सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४मध्ये त्यांना आणखी दोघा शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळालं. जपाननं मात्र पुढे, २०१५मध्ये, कायदा असा बदलला, की कंपनीनं आधी नियम करून ठेवला असेल तर शोधाचा हक्क पहिल्यापासूनच कंपनीचा, आणि नोकराला त्याबद्दल वाजवी लाभ. जर्मनीत १९५७पासून यासाठी स्वतंत्र कायदाच आहे. नोकरानं शोध कळवायचा, मालकानं तो घ्यायचा आणि त्याचा मोबदला द्यायचा.

अमेरिकेत २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला स्टॅनफर्ड विद्यापीठाचा दावा मला सगळ्यांत बोलका वाटतो. एका संशोधकानं विद्यापीठाला लिहून दिलं होतं, की ‘हक्क देण्याचे कबूल करतो’. मग एका खासगी कंपनीच्या प्रयोगशाळेत शिकायला गेला तेव्हा तिथल्या कागदावर सही केली, ‘हक्क याद्वारे देत आहे’. देईन आणि देतो, एवढाच फरक. त्या फरकापायी विद्यापीठाचा एकट्याचा हक्क गेला. न्यायालयानं सांगितलं, की सरकारचा पैसा लागला म्हणून शोध आपोआप संस्थेचा होत नाही, तो आधी शोधणाऱ्याचा असतो. आणि आता तर यंत्राला शोधकर्ता म्हणावं असाही एक अर्ज झाला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३मध्ये तो फेटाळला. शोधकर्ता माणूसच असावा लागतो, असं बजावलं.

माणूसच असावा लागतो, हे तर आमच्याकडेही ठरलेलं होतं. प्रश्न होता कोणता माणूस, एवढाच.

बाहेरचा एक पेटंट एजंट अर्ज लिहायला कंपनीत आला. तो सगळ्यांना एकेक करून प्रश्न विचारत होता. माझ्याकडे चाचण्यांची वही होती. ड्रॉइंग बदललं की का बदललं, कुणाच्या सांगण्यावरून बदललं, ते तारखेसह लिहून ठेवायची मला सवय होती. त्या वहीत एका पानावर लिहिलेलं होतं, ‘सीट एका बाजूने उतरती, तात्यांची सूचना, हाताने करून पाहिली, आवाज बंद.’ मी ते पान त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि विभागप्रमुखांना सांगितलं, ‘‘हे नाव गाळता येणार नाही. उद्या कुणी विरोध केला आणि हा माणूस साक्षीला आला, तर अख्खं पेटंट अडचणीत येईल. आणि जी दोन नावं शोभेची आहेत तीही काढा.’’

मी वही पुढे केली म्हणून त्या वर्षी माझी पगारवाढ अडली. तसं कुणी म्हटलं नाही, पण अडली. तेव्हा थोरल्याची इंजिनिअरिंगची फी भरायची होती. मी सोसायटीचं कर्ज काढलं. हे इथे लिहितो ते तक्रार म्हणून नव्हे. खऱ्याची बाजू कागदावर घ्यायची तर तिला खर्च येतो आणि तो हिशेबात धरावा लागतो, एवढंच सांगायचं आहे.

मग तात्यांना ऑफिसात बोलावणं आलं. इंग्रजीत टाइप केलेला हस्तांतराचा कागद आणि दहा हजार रुपये. तात्या म्हणाले, वाचून सांगतो. संध्याकाळी कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला.

‘‘भाई, यात काय लिवलंय ते मराठीत सांगा. गाळू नका काही.’’

मी सगळं सांगितलं. सही केली तर तुमचा हक्क कंपनीचा, पण नाव तुमचं राहील. सही केली नाही तर तुम्ही भागीदार, पण भागीदारीचा उपयोग करायला कारखाना लागतो, वकील लागतो, आणि उद्यापासून ठेकेदार तुम्हाला गेटवर उभं करील का याची खात्री नाही. हे शेवटचं वाक्य सांगणं माझ्या जिवावर आलं होतं. पण गाळू नका असं त्यांनी बजावलं होतं.

तात्या बराच वेळ चहाचा ग्लास हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘‘मला पैसा नको आणि नावबी नको. मला पर्मनंट करा म्हणावं. बाकी सगळं कागद त्यांचं त्यांनी ठेवावं.’’

मी तो निरोप जसाच्या तसा वर दिला. उत्तर आलं, की ते आमच्या हातात नाही, भरती बंद आहे. तीन दिवस तात्या कामावर येत राहिले आणि त्या कागदाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. चौथ्या दिवशी पंचवीस हजारांवर गोष्ट आली. त्यांच्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश व्हायचा होता. त्यांनी सही केली. कागदाची एक प्रत मला मिळालीच पाहिजे, एवढी अट घातली आणि ती पाळायला लावली. अर्ज २००८मध्ये दाखल झाला. पेटंट पदरात पडायला सहा वर्षं लागली. त्यावर नावं दोन, तात्यांचं आणि त्या इंजिनिअरचं. मालक म्हणून कंपनी. तात्या त्यानंतरही शेवटपर्यंत ठेकेदाराच्याच पटावर राहिले.

न्याय झाला का? कायद्याच्या दृष्टीनं झाला. एक अक्षर चुकीचं राहिलं नाही. पण त्या व्हॉल्व्हचे किती कॉम्प्रेसर विकले गेले हे मी ड्रॉइंग ऑफिसात बसून पाहत होतो आणि पंचवीस हजार हा आकडा माझ्या मनातून जात नव्हता. मोबदला किती असावा हे आपल्याकडे कायदा सांगत नाही. ते सौद्यावर सोडलेलं आहे, आणि सौद्याला बसणाऱ्या दोघांपैकी एकाला उद्याच्या रोजाची काळजी असेल तर सौदा कसा होणार हे सांगायला नको.

जुन्या काळी हे नीट होतं असंही मला म्हणायचं नाही. नवव्या शतकात बगदादला बनू मूसा हे तीन भाऊ होते. त्यांनी करामती यंत्रांवर किताब अल-हियल हा ग्रंथ लिहिला. तो तिघांच्या नावावर आहे, पण यंत्रांचं काम मुख्यतः अहमद या भावाचं असावं असं अभ्यासक मानतात. घरातल्या घरातही वाटा कुणाचा किती हे अकराशे वर्षांनी तर्कानंच ठरवावं लागतं. आणि ज्या लोहारांनी, तांबटांनी ती यंत्रं ठोकून उभी केली त्यांची नावं कुठंच नाहीत. पुढे दियारबकरला अल-जझरी झाला. त्याचा यंत्रांवरचा ग्रंथ १२०६ सालचा. त्यानं एक चांगली गोष्ट केली. पाण्याच्या घड्याळाची कल्पना आर्किमिडीजच्या नावानं चालत आलेली, कारंज्यांची बनू मूसांकडची, असं लिहून मगच आपण त्यात काय बदललं ते सांगितलं. कुठून घेतलं ते आधी आणि आपलं काय ते नंतर. आजचा चांगला पेटंट अर्जही याच क्रमानं लिहावा लागतो. मामूंनी कानाच्या पाळीला लावलेला हात आणि हा क्रम मला एकाच जातकुळीचे वाटतात.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही मालकी निराळ्या तऱ्हेची आहे. ती एकाच्या नावावर होत नाही, विकता येत नाही, त्या भागातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या कारागिरांनी मिळून ती सांभाळायची. ज्या कसबात कुणी काय घातलं हे पिढ्यांमागे हरवलं आहे, त्याला हीच व्यवस्था योग्य. पण व्हॉल्व्हच्या सीटचं तसं नव्हतं. तिथं माणूस हयात होता, तारीख लिहिलेली होती, आणि तो दोन टेबलं सोडून उभा होता. तिथं सगळ्यांचं म्हणणं म्हणजे त्याचं एकट्याचं काढून घेणं होतं.

म्हणून कारखान्यात, ऑफिसात, आजकाल संगणकाच्या कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी दोन-तीन गोष्टी सांगत असतो. वही ठेवा, तारीख घाला, आणि दुसऱ्याची सूचना असेल तर तिथंच त्याचं नाव लिहा. काम सुरू होण्याआधी विचारा, की यातून काही निघालं तर नाव कुणाचं लागणार आणि मालकी कुणाची. काम झाल्यावर हे विचारलं की भांडण वाटतं. सही करण्याआधी कागद वाचा. देईन लिहिलंय की देतो लिहिलंय, ते पाहा. आपलं नाव गाळलं गेलं असेल तर पेटंट मंजूर होण्याआधी अर्ज करा, नंतर तो दरवाजा बंद होतो. आणि ज्या यादीत आपलं नाव असण्याचं कारण नाही त्या यादीतून ते काढायला लावा. शोभेचं एक नाव आत येतं तेव्हा खरं नाव बाहेर ढकलणं सोपं होतं.

२०२४च्या मार्चमध्ये पेटंटच्या नियमांत एक छोटी भर पडली. चालू असलेल्या पेटंटवर ज्याचं शोधकर्ता म्हणून नाव आहे त्याला मागितल्यास तसं प्रमाणपत्र मिळू लागलं. आमच्या त्या पेटंटची फी कंपनी अजून भरते, हे मी सरकारी नोंदींत पाहून घेतलं आणि तात्यांना त्यांच्या गावी फोन लावला. ते आता पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत, कानांनी थोडं कमी ऐकू येतं. फॉर्म मी भरून पाठवतो, तुम्ही फक्त सही करा, असं मोठ्यानं सांगितलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, ‘‘सही? पुन्यांदा? भाई, या खेपेला काय देऊन टाकायचंय?’’

काही द्यायचं नाही, या वेळी मिळायचं आहे, असं मी म्हणालो. मग त्यांनी मुलीला हाक मारली आणि फोन तिच्या हाती देत म्हणाले, ‘‘घरचा पत्ता नीट लिहून दे गं भाईंना.’’